कॅसलरॉकचा तो मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

पाऊस लागला की आमच्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर कॅसलरॉकचा, म्हणजे कर्नाटक-गोवा हद्दीवरच्या घाटातल्या रेल्वे स्टेशनचा, तोच मेसेज परत फिरूलाय. मजकूर थोडक्यात असा: पोर्तुगीजांनी बांधलेलं भारतातलं पहिलं घाट स्टेशन, गोव्याच्या गव्हर्नरला थंड हवेला यायला म्हणून लाईन टाकली, १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं तशी हद्दीवरची कस्टमची चेकिंग उठली, आणि आता इथं उतरून रुळावरनं चालत दूधसागर धबधब्याला जाता येतंय, परमिशन लागत नाही. चार गोष्टी सांगितल्यात आणि चारीच्या चारी चुकीच्या, कमाल हाय.

पहिलं म्हणजे कॅसलरॉक पोर्तुगीज मुलखात नव्हतंच की ओ. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक हा सगळा पट्टा इंग्रजांकडं, पोर्तुगीज हद्द लागायची ती पुढं घाट उतरायला लागल्यावर, आणि त्यांचं चेकिंगचं स्टेशन पार खाली गोव्यातल्या कुळ्याला. गोव्यातल्या मुरगाव बंदरापासून हद्दीपर्यंतची लाईन टाकली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेनं. आता नावात पोर्तुगीज आहे म्हणून लोक फसतात, पण कंपनी लंडनची, भांडवल इंग्रजांचं, पोर्तुगीज सरकारनं व्याजाची हमी तेवढी दिलेली. पुढं १९०२ पासून ती लाईन चालवायलासुद्धा सदर्न मराठा रेल्वेकडं आली, म्हणजे आमच्या इकडच्या कंपनीकडं. आणि 'पहिलं घाट स्टेशन' तर सोडूनच द्या, बोरघाटातनं गाडी १८६३ लाच गेली, थळघाटातनं १८६५ ला, आमचा घाट पूर्ण सुरू झाला तो १८८८ साली.

गव्हर्नरची थंड हवा ही कल्पना कुणाच्या डोक्यातनं निघाली काय की. इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा १८७८ च्या डिसेंबरात करार झाला, त्यात रेल्वे आणि मुरगाव बंदर होतं आणि त्याच करारात मीठही होतं. गोव्यातलं मीठ इंग्रजांच्या हातात आलं, दोन्हीकडची जकात एक झाली, आणि बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये. आता सांगा, ह्यात हवा खायचा विषय कुठं आला? शिवाय इकडं १८७६ ते ७८ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, बैलगाडीनं धान्य पोचेपर्यंत माणसं मेली होती, म्हणून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे उभी राहिली ती दुष्काळी भागाची रेल्वे म्हणून, आणि हुबळी-धारवाडकडचा कापूस बंदराला न्यायला जवळची वाट पाहिजे होती ती मुरगावची. सगळा मालाचा हिशोब. अजून बघा ना, घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर, मालगाडी एका इंजिनानं चढतच नाही, मागनं बँकर म्हणजे जादा इंजिन लावून ढकलत आणतात. एवढा खटाटोप कुणी गव्हर्नरच्या ट्रिपसाठी करतंय होय? आजसुद्धा त्या घाटातनं मुरगावचा कोळसाच वर बळ्ळारीकडं जातो, आणि त्यासाठीच पाहिजे असलेल्या दुसऱ्या लाईनची वन्यजीव मंजुरी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केली.

चेकिंगचं तर पार उलटं सांगितलंय. मघाचा जकातीचा करार १८९२ ला संपला आणि हद्दीवर परत कस्टम आलं. मुंबईत नोकरीला असलेले गोवेकर सुट्टीला घरी निघाले की पुण्यात मोठ्या लाईनीवरनं मीटरगेजला, म्हणजे अरुंद रुळाच्या लाईनीला, गाडी बदलायची, मिरज-बेळगाव-लोंढा करत कॅसलरॉकला यायचं, इथं इंग्रजांचं कस्टम, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचं, म्हणजे एकाच घाटात ट्रंक दोनदा उघडायची. १९४७ नंतर हे उठलं नाही, फक्त इकडचं कस्टम इंग्रजांचं होतं ते भारताचं झालं, कारण गोवा अजून पोर्तुगीजांकडंच होता. त्यात १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि भारतानं हद्दच बंद केली, रेल्वेसकट. म्हणजे मेसेजवाले ज्या काळात गाड्या मोकळ्या धावत होत्या म्हणतात त्या काळात कॅसलरॉकच्या पुढं गोव्यात गाडीच जात नव्हती, सहा वर्षं! १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर वाट उघडली.

आणि शेवटचं वाक्य, ज्याच्यामुळं मला हे टाईप करायला बसावं लागलं. रुळावरनं चालत दूधसागरला जाणं हा रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, कलम १४७, दंड किंवा तुरुंग किंवा दोन्ही. जुलै २०२३ मध्ये असल्या ट्रेकर पोरांना तिथंच रुळावर उठाबशा काढायला लावल्या, व्हिडिओ तुम्ही पण बघितला असणार. उठाबशांचं राहू द्या, बोगद्यात पावसाळ्यात पाणी गळत असतंय, वळणापलीकडची गाडी दिसत नाही, मोबाईलला रेंज नाही आणि बाजूला सरकायला जागा कुठं कुठं हातभरच. धबधबा बघायचा तर गोव्याच्या गाडीचं तिकीट काढा आणि खिडकीतनं बघा, किंवा पाऊस संपल्यावर कुळ्याहून जीपनं जावा.