इतका चांगला आहे तर विकताय का?

गाणी ऐकायच्या सरंजामातला नवा डॅक घरात आला की जुना बाहेर, असं मी बायकोला कबूल केलं होतं. नवा आला. जुना चार महिने त्याच्या शेजारीच बसून होता. जुना हाताशी असला की तुलना करता येते आणि तुलना केली की नव्यावर घातलेले पैसे कुठे गेले ते कळतं, असा माझा युक्तिवाद. "मग झाली का तुलना?" असं तिनं विचारलं की मी म्हणायचो, "अजून बर्न-इन व्हायचाय."

नवं उपकरण शेकडो तास वाजत ठेवलं की त्याचा आवाज 'उघडतो', ही आमच्या ऑडिओवेड्यांच्या पंथातली श्रद्धा. उपकरण उघडतं की ऐकणाऱ्याचे कान त्याला सरावतात, यावर जन्माचे मित्र एकमेकांशी बोलेनासे झालेत. माझ्या पाहण्यात आजवर उघडलंय ते फक्त पाकीट, आणि तेही बर्न-इनच्या आधी.

ज्यांना ही व्याधी जडलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीडीत गाणं नसतं, आकडे असतात. 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हापासून तिचा हिशेब बदललेला नाही: सेकंदाला 44,100 वेळा आवाजाच्या लाटेची उंची मोजायची आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर नेऊन बसवायचं. डाव्या बाजूचं वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. या आकड्यांची पुन्हा लाट करून ॲम्प्लिफायरच्या हाती सोपवतो तो डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. हे सगळं मी बायकोला एकदा हातवारे करून समजावलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फोनमधून गाणं येतं ते कसं?" मी म्हटलं, फोनमध्येही डॅक असतोच, नखापेक्षा लहान. हे वाक्य मी त्या दिवशी बोललो नसतो तर पुढची कित्येक वर्षं सुखात गेली असती.

असो. एका रविवारी जाहिरात लिहायला बसलो, आणि लक्षात आलं की ही जाहिरात लिहिताच येत नाही.

जुना डॅक विकायचा तर त्याची स्तुती करायला हवी. मी मनापासून केली. 'आवाज अत्यंत मोकळा. वाद्यं वेगवेगळी उभी राहतात. गायकाचा श्वास ऐकू येतो.' बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "इतका चांगला आहे तर विकताय का?" मी ते खोडलं. मग प्रामाणिकपणे लिहिलं, 'आवाज ठीक. नव्याच्या तुलनेत पडदा टाकल्यासारखा वाटतो.' तेही तिनं वाचलं. "हे वाचून कोण घेईल? आणि पडद्याआडून गाणी ऐकत होतात तर सहा वर्षं बोलला का नाहीत?"

शेवटी 'अपग्रेड केल्यामुळे विकणे आहे' असं लिहिलं. हे वाक्य पुष्कळ उपयोगी आहे. वस्तू उत्तम होती, मालक त्याहून उत्तम झाला, एवढं त्यातून निघतं, बाकी काही निघत नाही. खाली वैशिष्ट्यं जोडली: यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्सियल, आरसीए आउटपुट 2 व्होल्ट, ओरखडा नाही, धूम्रपान न करणाऱ्या घरातला. सोबत, आणि हे मी ठळक अक्षरांत लिहिलं, मुद्दाम वेगळा घेतलेला 12 व्होल्टचा 'लो नॉइज' अडॅप्टर, ज्यामुळे पार्श्वभूमी काळीभोर होते.

"काळी पार्श्वभूमी ऐकू कशी येते?" बायकोनं विचारलं. मी म्हटलं, ते सांगून कळत नाही.

किमतीचा आकडा घालताना दोन तास गेले. 1990 साली काहनमन, क्नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष छापले होते. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कप दिले आणि लगेच ते विकायला सांगितले. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या कपासाठी विकणाऱ्यांनी जी किंमत मागितली, ती घेणारे देऊ करत होते त्याच्या दुपटीच्या आसपास होती. काही मिनिटांचा कप! माझा डॅक सहा वर्षांचा. मी त्यावर रोज फडकं फिरवलेलं. आकडा बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "एवढ्यात नवीन येतो." नवीन खरंच तेवढ्यात येत होता. आकडा निम्मा केला आणि जाहिरात टाकली.

पहिला निरोप चाळीस सेकंदांत आला: 'अजून आहे का?'

'आहे,' मी लिहिलं. त्यानंतर त्या माणसाचा पत्ता नाही. पुढच्या तीन दिवसांत अकरा जणांनी डॅक अजून आहे का ते विचारलं, मी अकराही जणांना तो असल्याचं कळवलं, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. या लोकांना डॅक नकोच असतो बहुतेक. तो कुठेतरी आहे एवढा दिलासा पुरतो.

उरलेल्यांचे प्रकार वेगळे. एकानं फक्त 'फायनल?' एवढंच विचारलं. एकानं 'यात किती गाणी बसतात?' असं विचारलं. मी त्याला आकडे, लाट वगैरे सविस्तर लिहून पाठवलं, त्यावर 'ओके, म्हणजे बसत नाहीत' असं उत्तर आलं. एकजण तडा गेलेल्या काचेचा फोन देऊन वर उरलेले पैसे माझ्याकडूनच मागत होता. एका जाणकारानं चिप कोणती ते विचारलं, तेव्हा मात्र मला भरून आलं.

चिप जपानच्या असाही कासेई कंपनीची. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांच्या नोबेओकातल्या कारखान्याला आग लागली आणि या चिपांचा जगभर तुटवडा पडला. किती तरी कंपन्यांना आपल्या डॅकचे आराखडे दुसऱ्या चिपभोवती नव्यानं करावे लागले. हा इतिहास मी जाहिरातीत घातला: 'ही आगीच्या आधीची चिप आहे.' जरा दुर्मिळतेचं वलय यावं, एवढाच हेतू. संध्याकाळपर्यंत तीन निरोप आले. तिघांचाही प्रश्न एकच होता, 'म्हणजे जळालेला पीस आहे का?'

मी आगीचं वाक्य काढून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात एका तरुणानं 'येऊन ऐकू का?' विचारलं आणि सांगितल्या वेळेला तो खरंच आला. हे इतकं अनपेक्षित होतं की मी दार उघडून क्षणभर नुसता पाहत राहिलो. मला काका म्हणाला. ते मी मनावर घेतलं नाही. बॅगेतून त्यानं हेडफोन काढला असता तर समजू शकलो असतो. त्यानं मल्टिमीटर काढला.

मी दोन्ही डॅक ॲम्प्लिफायरला जोडून ठेवले होते. जुना आरसीए या साध्या जोडणीवर, नवा बॅलन्स्ड एक्सएलआर या भारी जोडणीवर. विकायचा जुना होता खरा, पण आलेल्या माणसाला नवा ऐकवल्याशिवाय सोडायचं नाही, हा आमच्यातला अलिखित नियम आहे. आधी जुना लावला, मग निवडीचं बटण फिरवून नवा. "बघ," मी म्हटलं, "पडदा उठला की नाही?"

"काका, आवाज जुळवलाय का?"

"म्हणजे?"

"जुन्यातून दोन व्होल्ट निघतात. बॅलन्स्डमधून बहुतेक चार. म्हणजे नवा 6 डेसिबल जोरात वाजतोय." हे तो, पंखा सुरू आहे, अशा सुरात बोलला. मग एक किलोहर्ट्झचा टोन लावला, मल्टिमीटरच्या दोन सुया स्पीकरच्या टर्मिनलला टेकवल्या आणि नव्याचा व्हॉल्यूम खाली आणत आणत दोन्ही आकडे सारखे केले. तो टूंऽऽ आवाज घरभर घुमत होता. बायको दारात येऊन उभी राहिली. चार महिन्यांत माझं संगीत ऐकायला ती पहिल्यांदाच आली होती.

"आता तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा," तो म्हणाला. "मी बदलत जातो. कुठला नवा ते सांगा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. या वयात, स्वतःच्या घरात. पहिल्या वेळी लगेच सांगितलं, "नवा." दुसऱ्या वेळी थोडा विचार केला. तिसऱ्या वेळी डोळे मिटले. पाचव्या वेळी मला गायकाचा श्वास स्पष्ट ऐकू आला, तो माझाच होता. आठव्या वेळेपासून मी नाण्यासारखा पडत होतो, कधी छापा, कधी काटा. दहा वेळा झाल्यावर त्यानं कागद पुढे केला. पाच बरोबर, पाच चूक.

"छान आहे की मग," तो आनंदानं म्हणाला. "म्हणजे हा जुना एकदम भारी आहे. घेतो मी."

घासाघीससुद्धा केली नाही. विक्री यशस्वी होताना माणसाला इतकं उदास वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. बायको काही बोलली नाही. तिनं तो कागद तेवढा उचलून घडी करून ठेवला.

मग घाईघाईनं बांधाबांध. टेबलामागे वाकलो. तिथे वर्षानुवर्षांच्या वायरींचं जे काही झालंय त्याला गुंता म्हणणं म्हणजे गुंत्याचा अपमान. डॅकची पिन काढली, वायर चाचपत बोर्डापर्यंत गेलो आणि काळा अडॅप्टर उपटला. त्याच क्षणी आतून मुलगा ओरडला, "नेट गेलं!" धक्का लागून राउटरची पिन निसटली असणार. एक लोंबती पिन हाताला लागली, ती राउटरमागे खुपसली. हिरवे दिवे लागले. डॅक, रिमोट, यूएसबी केबल, खास अडॅप्टर, सगळं मूळ खोक्यात भरून दिलं. हो, मूळ खोकं. ते सहा वर्षं माळ्यावर का जपलंय याचं उत्तर मला त्या दिवशी अखेर देता आलं.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. माझ्या पोटात गोळा. विकलेल्या वस्तूचा फोन कधी चांगल्या बातमीसाठी येत नाही.

"काका, तो अडॅप्टर!"

"काय झालं?"

"अहो, कमाल आहे. मला वाटलं होतं तुम्ही जाहिरातीत उगाच लिहिलंय. पण बॅकग्राउंड खरंच काळी होते. तुमच्याकडे ऐकला त्याहून इथे कितीतरी मोकळा वाजतोय. असा अजून एक कुठे मिळेल? यावर नाव आहे ते राउटरवाल्या कंपनीचं आहे. ते लोक ऑडिओतही आहेत हे मला माहीतच नव्हतं."

मी फोन कानाला तसाच धरून टेबलामागे वाकलो. राउटरच्या पाठीत शिरलेली वायर धरून हळूहळू बोर्डापर्यंत गेलो. दोन्ही काळे, दोन्ही 12 व्होल्टचे, पिनही त्याच मापाची. बोर्डावर जो बसला होता त्यावर बारीक सोनेरी अक्षरांत 'लो नॉइज' लिहिलेलं होतं.

"अरे, ऐक," मी म्हटलं, "माझ्याकडून अदलाबदल झालीय. तुझा खरा अडॅप्टर इथेच राहिलाय. ये आणि बदलून घेऊन जा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. अगदी काळीभोर.

"नको काका," तो म्हणाला. "हाच राहू द्या."

मी फोन ठेवला. बायको मोबाइलवर काहीतरी पाहत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हल्ली नेट काय छान चालतंय, नाही?"