माणसांचे आभार मानून झाले, आता पुढचं बोलूया

माझ्या वयाच्या, गावात राहणाऱ्या माणसाला मुंबईचे नातेवाईक फोनवर एक वाक्य हमखास ऐकवतात. "तुमचं बरं आहे गो, कसली कटकट नाही." मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते, साठीला आले आहे, आणि हल्ली हे वाक्य ऐकून मला वाईट वाटतं. राग येत नाही, कारण बोलणाऱ्याच्या मनात माया असते हे कळतं. पण त्या वाक्यापाशी बोलणंच खुंटतं. म्हणून आज सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या पडवीत खुंटीला किल्ल्यांचा एक जुडगा टांगलेला आहे. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली आहे. लाल खालच्या घराची, निळी वाण्याशेजारच्या घराची, पिवळी काकांच्या दोन खोल्यांची. वाडीतली ही सगळी बंद घरं. मोठा पाऊस झाला की आमचे हे बॅटरी घेऊन प्रत्येक घर उघडून बघतात, कुठे कौल सरकलंय, कुठे भिंतीला ओल आली, कुठे वाळवी लागली. चतुर्थीच्या आधी मी दारं-खिडक्या उघडून घरांना वारा देते. ह्यांचे गुडघे दुखतात, मला शुगर आहे. तरीही वाडीतली 'तरुण' माणसं म्हणजे आम्हीच. मयताला खांदा द्यायला, देवळाच्या साफसफाईला, वणवा विझवायला पंचावन्न ते सत्तर या वयाची माणसं धावतात, कारण दुसरं कोणी नाही. घरात नव्वदीकडे झुकलेल्या सासूबाई आहेत, मुलगा डोंबिवलीला, मुलगी पुण्याला. दोन्हीकडे जीव टांगलेला असतो.

तक्रारीआधी आभार मानायचे आहेत, आणि ते मनापासून. त्यातला पहिला मान आमच्या पोस्टमनचा.

सासरे परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्या मागे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्ही त्यांना रिक्षाने बँकेत नेलं. काउंटरवर अंगठ्याचं मशीन. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. मी ओल्या रुमालाने बोटं पुसली, कोणी म्हणालं थोडं खोबरेल लावा, तेही लावून झालं. सासूबाईंनी सगळं आयुष्य ओले काजू सोलण्यात घालवलं. हिरवी बी कोयत्यावर दुभंगायची आणि गर सुटा करायचा. त्या बीच्या सालीतला चीक कातडी जाळतो, बोटं काळी पडतात, सोलपटतात, पुन्हा नवी कातडी येते. इतकी वर्षं हे झाल्यावर त्यांच्या बोटांवर रेषा उरल्याच नाहीत. नखापासून खाली हात फिरवला तर कागदासारखं गुळगुळीत लागतं. मशीनला त्या बोटात कोणी माणूस सापडेना. सासूबाई काउंटरवरच्या मुलाला हळूच म्हणाल्या, "ह्यो आंगठो माझोच आसा रे बाबा. आणि कोणाचो असतलो?" तो म्हणाला, दुसरा काही मार्ग नाही, उद्या या.

मार्ग होता. संध्याकाळी पोस्टमन पत्र टाकायला आला, मी त्याला सहज सांगितलं, तर तो सायकल लावून पडवीत बसला. मोबाईल काढला, सासूबाईंच्या चेहऱ्यासमोर धरला, "आजी, डोळे मिटा, आता उघडा" म्हणाला. दाखला तयार. चेहऱ्यावरून ओळख पटवून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. पोस्टमनने घरी येऊन हा दाखला करून द्यायची सेवा २०२० पासून आहे, तिचं शुल्क ७० रुपये. हे त्या काउंटरमागच्या भिंतीवर चार ओळींत लिहून ठेवलं असतं तर एका म्हाताऱ्या बाईला स्वतःचं बोट स्वतःचंच असल्याचं भर बँकेत सांगावं लागलं नसतं.

दुसरे आभार २०२४ च्या पावसाळ्यातले. सासूबाई मागील दारी घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. "कोल्हापूरला न्या," असं सांगितलं. करूळ घाट त्या वर्षी जानेवारीपासून कामासाठी बंद होता, म्हणून आम्ही नांदगावावरून फोंडाघाटाने वर चढलो. दाजीपूरच्या जंगलात धुकं एवढं की रस्त्याची कड दिसत नव्हती. रुग्णवाहिकेचा चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता, दर वळणाला मागे बघून "आजी, आता धक्का बसतलो हां" सांगत होता. राधानगरीला त्याने स्वतःच्या पैशाने मला चहा पाजला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, पण आमच्या घरात रोज देवापुढे दिवा लावताना सासूबाई त्याला आठवतात.

आणि आमची आशाताई. डोक्यावर इरलं, खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं मशीन आणि गोळ्यांच्या पट्ट्या. ऑपरेशननंतर तिने सासूबाईंना धरून चालवायला शिकवलं, ते तिच्या कामात बसत नसतानाही. २०२४ च्या सुरुवातीला हजारो आशाताई मानधनासाठी मुंबईला आझाद मैदानावर बसल्या होत्या, त्यात तीही होती. मैदानातून फोन करून तिने मला विचारलं होतं, "काकी, तुमची शुगरची गोळी चालू आहे ना?"

हे सगळं मी मुंबईच्या मंडळींना सांगते तेव्हा ते गहिवरतात. "कोकणी माणूस म्हणजे सोनं," म्हणतात. खरंच आहे. पण मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. या माणसांचा चांगुलपणा आपण व्यवस्थेच्या भोकावर ठिगळ म्हणून वापरतो, आणि ठिगळ छान बसलं की भोक विसरून जातो. चालक देवमाणूस निघाला म्हणून हाडांचे डॉक्टर जवळ नसणं मला माफ करता येत नाही. आशाताई मायाळू आहे म्हणून तिच्या मानधनाचा प्रश्न मिटत नाही. पोस्टमन दुसऱ्या गावाला बदलून गेला तर पुढच्या नोव्हेंबरात शेजारच्या वाडीतली म्हातारी पुन्हा लाल दिव्यासमोर बोट पुसत बसेल.

याच कोकणात दुसरं टोकही घडलेलं आहे. आमच्या लहानपणी इंगळी चावली म्हणजे घरात रडारड सुरू व्हायची, मुलं दगावायची. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर नोकरीला लागले, त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध या विषावर चालतं हे दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची थोरवी मला रुग्णापाशी जागण्यात दिसते, पण त्याहून जास्त ते लिहून काढण्यात दिसते. लिहिलं म्हणून ते औषध दुसऱ्या डॉक्टरच्या हाती गेलं. बावसकर जिथे कधी पोचले नाहीत तिथेही पोरं वाचली.

कोकण रेल्वेचंही तसंच. बॅ. नाथ पै, मग प्रा. मधु दंडवते या राजापूरच्या खासदारांनी ती मागणी पिढीभर लावून धरली, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. लग्नानंतर मी रातराणी एसटीने पोटातलं ढवळत माहेरी गेले आहे, त्यामुळे कणकवलीला गाडीचा भोंगा ऐकला की आजही मला त्या दोघांविषयी भरून येतं. हे लोक भल्या मनाचे होतेच, पण त्यांनी भलेपणाचं रूळ, पूल आणि वेळापत्रक करून ठेवलं. मला आता तेवढंच हवं आहे. आमच्या पोस्टमनचं, चालकाचं, आशाताईचं भलेपण नियमात उतरावं.

आंब्याचं सांगितल्याशिवाय देवगडच्या बाईची पोस्ट पुरी कशी होणार? २०२५ च्या २५ मे रोजी हवामान खात्याने मान्सून राज्यात आल्याचं जाहीर केलं, आणि तो येऊन ठेपला तो आमच्या देवगडलाच. एरवी मृगाच्या सुमारास येणारा पाऊस. त्याआधीचे काही दिवसही धो धो कोसळतच होते. शेवटच्या तोडणीचा माल झाडावर होता, जो कॅनिंगला जातो आणि ज्याच्यावर खताचं, फवारणीचं देणं फिटतं. फांद्या निसरड्या, वर चढणार कोण? आमच्या बागेत नेपाळहून आलेली मुलं राखणीला असतात, त्यांना आम्ही चढू दिलं नाही. पोराचा जीव की आंबा? फळमाशीने उरलेला माल खाल्ला. फळपीक विमा आहे, हप्ताही भरलेला. पण आंब्याला अवकाळी पावसाचं विमा संरक्षण १५ मेपर्यंतच असतं. ही मुदत ३१ मेपर्यंत न्या ही बागायतदारांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. मोहोर उशिरा येतो, काढणी लांबते, पाऊस अलीकडे सरकतो, हे बागेत उभं राहणाऱ्या कुणालाही दिसतं. तारीख मात्र कागदावर तिथेच आहे. विम्यात केलडी (तांबड्या तोंडाची माकडं) आणि वांदर यांनी केलेली नासधूस धरलेलीच नाही. त्यावर लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल.

त्याच वर्षी ११ जुलैला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आमच्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही. त्या दिवशी मी साखर वाटली. विजयदुर्गच्या तटाचा भाग २०२० च्या पावसात ढासळला तेव्हा पोटात तुटलं होतं, त्यामुळे आनंद दुप्पट झाला. आता तरी त्याची निगा राहील या आशेवर आहे.

मुंबईच्या लेकराबद्दल थोडं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या तिकिटासाठी तो सकाळी आठला मोबाईल धरून बसतो, आणि बघता बघता प्रतीक्षा यादी. मग रस्ता. आमच्या जिल्ह्यातला महामार्ग चांगला झाला आहे, हे मोकळ्या मनाने सांगते. पण २०११ साली ज्या पनवेल–इंदापूर टप्प्याचं काम सुरू झालं, तिथूनच त्याचा फोन येतो, "आई, अजून कोलाडलाच आहे." माझा नातू शाळेत जायला लागला, रस्ता अजून होतोच आहे. रात्रभर मी जागी असते. पहाटे गाडीचा उजेड अंगणात पडला की सगळा शीण उतरतो, पण शीण उतरला म्हणजे रस्ता झाला असं होत नाही ना?

तर चाकरमानी भावंडांनो, एक मागणं आहे. १ मे ही ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी एक. त्याच दिवसांत तुम्ही आंबे खायला, पोरांना समुद्र दाखवायला गावी असता, वाडी भरलेली असते. पण ग्रामसभेला नेहमीचीच आम्ही पिकल्या केसांची मंडळी. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि विषय तसाच लटकतो. ज्यांचं नाव गावच्या मतदार यादीत आहे त्यांचा बोलण्याचा हक्क आहे, आणि बरीच नावं अजून यादीत आहेत, मी बघितली आहेत. ज्यांची नावं मुंबईत गेली त्यांनी येऊन नुसतं बसावं, अर्ज लिहायला मदत करावी. तुम्हाला ऑफिसात पत्रव्यवहार येतो, आम्हाला तो कोणी शिकवला नाही.

मी यंदा लेखी विषय देणार आहे. आरोग्य उपकेंद्रात डॉक्टर कोणत्या वारी येणार याचा फलक दाराला लागावा. हयातीच्या दाखल्याची घरपोच सोय ग्रामपंचायतीने दवंडीसारखी वाडीवाडीत कळवावी, दर ऑक्टोबरात. आंबा विम्याची मुदत ३१ मेपर्यंत वाढवावी असा ठराव करून तो वर पाठवावा. आशाताईंच्या मानधनाच्या मागणीला ग्रामसभेचा पाठिंबा नोंदवावा. ह्यांनी मसुदा केला आहे, शुद्धलेखन सासूबाईंच्या पणतीने तपासलं.

ज्यांना सही करायची आहे किंवा अजून एखादा विषय घालायचा आहे त्यांनी एप्रिलच्या मध्यापर्यंत मला फोन करा. दुपारी दोन ते चार मी बागेत असते, तिथे रेंज नाही, त्यामुळे संध्याकाळी करा. आणि ज्यांच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत त्यांनी येण्याआधी दोन दिवस कळवा, म्हणजे घर झाडून, पाणी भरून ठेवता येईल.