रकाना सातवा

सकाळी एका अनोळखी संशोधक मुलीचा मेल आला : "सर, तुमच्या फाइलीतला 'खार२_नवा' हा सातवा रकाना म्हणजे काय?" फाइल माझी, 2016ची. गोव्यातल्या चोडण बेटावर मानशीपाशी (खाऱ्या पाण्याच्या दारापाशी) चिखलात गेलेली चप्पलही माझीच. रकाना काय आहे, हे मात्र मला ठाऊक नाही!

फेरीबोटीत लॅपटॉप उघडला. शेजारी एक गृहस्थ, गोव्यातले 'बाब'; मांडीवर चोणक माशाची गळकी पिशवी. वाकून वाचू लागले.

"हें कितें?"

"पाण्यातला खारटपणा," मी मराठीत म्हटल्यावर तेही मराठीवर आले.

"आणि हे उणे नऊशे नव्व्याण्णव?"

"त्या दिवशी मोजलं नव्हतं, म्हणून."

"नाही मोजलं तर रिकामं सोडा की. मांडवीने मीठ उधारीवर काढलंय?"

मी हसलो नाही. कारण ते -999 धरून सरासरी काढणारा कोणीतरी निघतोच.

"ही तारीख 07/05. मेची सात की जुलैची पाच?"

फाइल दोन कॉम्प्युटरांवर फिरली होती. मी गप्प.

"अहो, मेत तिथलं पाणी खारट, जुलैत गोडं. जिभेला कळतं. बरं, भरती होती की सुकती?"

"नोंद नाही."

"मग मोजलं कशाला?"

पिशवीतून एक थेंब कीबोर्डावर पडला. तोही खारटच असणार.

1999 मध्ये नासाचं यान मंगळापाशी हातचं गेलं ते एककांच्या घोळाने : एका बाजूचे आकडे पौंडांत, दुसरी बाजू न्यूटन धरून बसलेली. तिथे निदान चौकशी समिती तरी बसली. मला चोणकवाला! बरं, प्रकल्पात यंत्राला पैसे होते, होडीला होते, चहालाही होते. रकान्यांचे अर्थ लिहायला ना पैसा, ना दिवस. आता प्रकल्पवाले म्हणतात, सोमवारपर्यंत सगळं समजेल असं लिहून द्या. आठ-दहा वर्षं कोणी विचारलं नाही ते! विद्यार्थ्यांना 'रीडमी लिहा', म्हणजे फाइलीत काय आहे ते सांगणारी टीप लिहा, म्हणून मीच दटावतो. माझ्या रीडमीत एकच ओळ सापडली : 'नंतर भरणे.'

शेवटी तेव्हाच्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता बंगळूरला असतो.

"सर, तो रकाना तुम्हीच घातला होता. मी विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, लक्षात राहील."

बोट धक्क्याला लागली. बाब पिशवी सावरत उठले.

"त्या पोरीला उणे नऊशे नव्व्याण्णव कळवा. सुटाल."