पराभव एकट्या क्वार्टरबॅकच्या खात्यावर का?

एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा) सीझन सुरू झाला की दर सोमवारी तेच कानावर येतं. "महोम्स जिंकला", "अ‍ॅलन पुन्हा हरला". टीव्हीवरही क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, नावापुढे जय-पराजयाचे आकडे झळकतात. मला हे अजिबात पटत नाही.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: ऑफेन्स (हल्ला) आणि डिफेन्स (बचाव) हे टीमचे दोन पूर्ण वेगळे संच असतात. चेंडू समोरच्यांकडे गेला की क्वार्टरबॅक मैदानाबाहेर. आपला बॅट्समन निदान फील्डिंगला तरी उतरतो. याला बाकावर बसून नुसतं बघावं लागतं.

पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, त्याचे लागोपाठचे दोन सुपर बोल (लीगची फायनल) घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने पासमधून ५०५ यार्ड आणि ३ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) काढले, इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेला पास) एकही नाही. शेवटी शेवटी समोरच्या टीमच्या ब्रँडन ग्रॅहमने त्याच्या हातातून चेंडू उडवला हे खरं, पण ज्या डिफेन्सने ४१ गुण दिले त्याचं काय? पॅट्रियट्स ४१-३३ हरले. पुढच्या वर्षी त्याचे यार्ड २६२, टचडाउन शून्य, वर एक इंटरसेप्शन. पॅट्रियट्स १३-३ जिंकले आणि ब्रेडीला सहावी रिंग (विजेत्याची अंगठी) मिळाली!

अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायन, त्याच्याबद्दल तर मला खरंच वाईट वाटतं. २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटा २८-३ ने पुढे होती आणि पॅट्रियट्सकडून ३४-२८ ने हरली. आजही त्याला त्यावरून हिणवतात. त्या दिवशी त्याने २३ पैकी १७ पास पूर्ण केले होते. चौथ्या क्वार्टरमध्ये पॅट्रियट्सचा हायटावर त्याच्यावर धावून आला, हायटावरला अडवायचं काम अटलांटाच्याच फ्रीमनचं होतं, ते चुकलं आणि चेंडू सुटला. नंतर २८-२० असताना अटलांटाच्या ज्युलिओ जोन्सने साइडलाइनवर अशक्य वाटणारा कॅच घेतला. चेंडू पॅट्रियट्सच्या २२ यार्डांवर. तिथून सरळ पळून वेळ खाऊन फील्ड गोल (लाथेने मारून मिळणारे ३ गुण) मारला असता तरी मॅच जवळपास खिशात होती. एक रन झाला, मग कोचिंग स्टाफने पास मागितला. रायनने चेंडू धरून ठेवला आणि सॅक होऊन (चेंडू हातात असतानाच पाडला जाऊन) १२ यार्ड घालवले. चेंडू बाहेर फेकायला हवा होता, तो दोष त्याचाच. पण लगेच होल्डिंगची (समोरच्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी लागून आणखी १० यार्ड गेले, ती चूक त्याच्यापुढच्या लाइनमनची. ओव्हरटाइममध्ये तर रायनच्या हाताला चेंडू लागलाच नाही.

आता कुणी म्हणेल, मग ब्रेडी पॅट्रियट्स सोडून टँपाच्या टीमकडे गेला आणि पहिल्याच वर्षी तिथे ट्रॉफी आली, ते कसं? प्रश्न रास्त आहे. आदल्या वर्षी टँपाच्या क्वार्टरबॅक विन्स्टनने ३० इंटरसेप्शन दिले होते. ती गळती ब्रेडीने थांबवली, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. चांगल्या क्वार्टरबॅकने टीम वर येते, यात वादच नाही. पण त्या फायनलमध्ये महोम्सच्या टीमला (कॅन्सस सिटी चीफ्स) एकही टचडाउन न देता ९ गुणांवर रोखलं ते टँपाच्या डिफेन्सने. महोम्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (त्याचं संरक्षण करणारे खेळाडू) जखमी होऊन बाहेर होते, बिचारा रात्रभर जीव घेऊन पळत होता. हेडलाइन मात्र "ब्रेडीने महोम्सला हरवलं".

२०२४ मध्ये सिनसिनाटीच्या जो बरोने ४३ टचडाउन पास दिले, लीगमध्ये सर्वाधिक. सिनसिनाटीचा डिफेन्स इतका गळका होता की टीम ९-८ वर अडकली आणि प्लेऑफही (बाद फेरी) हुकले. त्याने आणखी काय करायचं होतं?

आणि बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन. जानेवारी २०२२, कॅन्सस सिटीत चीफ्सविरुद्धची प्लेऑफ मॅच. शेवटच्या दोन मिनिटांत त्याने दोनदा टचडाउन पास देऊन बफेलोला पुढे नेलं. दुसऱ्यांदा घड्याळात १३ सेकंद उरले होते. तेवढ्या वेळात बफेलोच्या डिफेन्सने चीफ्सना फील्ड गोलच्या टप्प्यात येऊ दिलं आणि बरोबरी झाली. ओव्हरटाइमचा टॉस हरला, चीफ्सनी पहिल्याच ड्राइव्हमध्ये (चढाईत) टचडाउन केलं, मॅच संपली. अ‍ॅलन बाजूला उभा होता. हे इतकं अन्यायाचं दिसलं की दोनच महिन्यांत प्लेऑफच्या ओव्हरटाइमचा नियम बदलून दोन्ही टीमना चेंडू मिळण्याची सोय केली गेली. नियम बदलला, पण तो पराभव आजही अ‍ॅलनच्याच नावावर मांडलेला आहे.