दोन तासांचं काम

गाडीच्या मागच्या डाव्या अलॉय व्हीलला फुटपाथची कड घासली. कोणामुळे, हा विषय आमच्या घरात काढत नाहीत. (काढला की ‘या मागे, भरपूर जागा आहे’ असं कोण ओरडत होतं, तिथपर्यंत जातो.) ओरखड्याशी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सुटला होता आणि त्याच्याखाली पांढऱ्या नागमोडी रेषा पसरल्या होत्या, वाळवीने रांगोळी घातल्यासारख्या. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असं शाळेत शिकलो होतो. गंजतं, फक्त त्याला गंज नाही, ऑक्साइड म्हणतात.

“दोन तासांत उरकतो,” मी म्हणालो.

चाक काढलं, धुतलं आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. आधी 120 नंबरचा, मग 240, मग 400, शेवटी 600. नंबर वाढेल तसा कागदाचा खरखरीतपणा कमी होतो. माझ्या बोलण्याचा वाढत गेला. सपाट कड पटकन झाली, पण दोन दांड्यांच्या बेचक्यात बोटाला कागद गुंडाळूनच शिरावं लागतं, आणि दांड्या दहा. त्यात कळलं की अशा कागदावरची खर बरेचदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचीच असते. म्हणजे जे घालवायला बोटं सोलली, त्याचीच भावंडं मी पैसे मोजून घरी आणली होती! शिवाय धातू उघडा पडला रे पडला की हवेत पुन्हा ऑक्साइडचा थर धरतो. त्यामुळे एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा रंगाखालचा पहिला हात, मारेपर्यंत चहासुद्धा नाही.

पुट्टीत ती घट्ट करणारं हार्डनर जरा सढळ हाताने घातलं. ती खड्ड्यात बसायच्या आधी पात्यावरच बसली, कायमची.

टायरला रंग लागू नये म्हणून रिमच्या कडेने गोल पत्ते खोचले. ही युक्ती खरंच उत्तम आहे. फक्त आमच्या बदामच्या राणीची पाठ चंदेरी झाली, आणि आता ती कोणाच्या हातात आहे हे डाव मांडल्या मांडल्या सगळ्यांना कळतं.

रंगाचे हात पातळ द्यायचे, मधे थांबायचं. मी थांबलो नाही. ओघळ आले, ते वाळवले, घासले, पुन्हा रंग. शेवटच्या क्लिअर कोटवर एक डास येऊन बसला. तो अजून तिथेच आहे, सहाही पाय शाबूत.

तिसऱ्या रविवारी चाक चढवलं, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले आणि बायकोला हाक मारली. चाक आरशासारखं चकाकत होतं. शेजारी पुढचं चाक, कालपर्यंत अगदी चांगलं दिसणारं, एकदम भंगारातून आणल्यासारखं दिसत होतं. पलीकडची दोन तर बघवेनात.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे एक पुन्हा पहिल्यासारखं नाही का करता येणार?”