आधी ॲम्प लावा, मग मिक्सर, मग हात जोडा

कार्यक्रम सातला असेल तर साउंडवाल्याने पावणेसातला पोचावं. लवकर पोचलं की तारा तपासाव्या लागतात, कुठला माईक मिक्सरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या पेटीच्या, कुठल्या चॅनलला जाणार ते ठरवावं लागतं, फेडरच्या, म्हणजे एकेका चॅनलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाच्या, खाली पांढरी टेप चिकटवून मार्करने नावं लिहावी लागतात, आणि एकदा नावं लिहिली की ऐन वेळी भलताच फेडर वर करण्यातली सगळी मजाच गेली. तुमचं सगळं डोक्यात आहे ना, मग झालं तर. नाहीच राहिलं लक्षात तर एकेक फेडर वर करून बघायचा, आवाज आला तर तो निवेदकाचा, नाही आला तरी तो निवेदकाचाच, कारण आवाज यायला हवा तेव्हा नेमका त्याचाच येत नाही.

मिक्सर ठेवायची जागा म्हणजे स्टेजच्या मागचा कोपरा, जिथे तुम्हाला स्पीकरची फक्त पाठ दिसेल. लोकांना काय ऐकू जातंय ते लोक बघतील. पाण्याची बाटली मिक्सरच्या वरच ठेवा, झाकण न लावता, सारखी लागते हो.

आता लाईट. ती मिळेल तिथून घ्या. मिक्सर हॉलच्या ह्या टोकाच्या सॉकेटवर, स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प त्या टोकाच्या सॉकेटवर, आणि मधून सिग्नलची लांबलचक तार. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्या तारेच्या शील्डमधून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या जाळीतून, करंट फिरायला लागतो आणि स्पीकरमधून अखंड घूंऽऽऽ चालू होतं, कुठे ५० हर्ट्झचं तर कुठे ६०, देशोदेशीच्या लाईटप्रमाणे. काही किडे लोक मिक्सर आणि ॲम्प एकाच ठिकाणच्या लाईटवर घेतात, बॅलन्स्ड केबल (सिग्नल दोन तारांवरून उलटसुलट नेऊन वाटेतली घूं कापणारी) वापरतात, कीबोर्डला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करणारा डबा) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या तारेचं ग्राउंड तोडणारं, बटण दाबतात आणि घूं गायब करतात. एवढा उपद्व्याप कोण करणार. आपल्याकडे पक्कड आहे. प्लगची ती जाडी तिसरी पिन आहे ना, अर्थची, ती मोडा. घूं थांबतं की नाही बघा. थांबतंच, आणि सोबत मिक्सरच्या आत फेज बॉडीला टेकली तर फ्यूज उडायची जी शक्यता होती ती पण थांबते, मग तो करंट बिचारा वाट बघत बसतो कोणीतरी हात लावायची.

ह्या एका गोष्टीवर मला पुढे विनोद सुचत नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्झीमध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर माईकला हात लावल्यावर शॉक बसून गेला, अर्थिंगचाच घोळ होता. एका हातात गिटारच्या तारा आणि दुसरा हात किंवा ओठ माईकच्या जाळीला, म्हणजे दोन वेगवेगळी उपकरणं माणसाच्या अंगातून जोडली गेली. ग्राउंड लिफ्ट करायचं ते सिग्नलच्या तारेचं, लाईटच्या तारेचं कधीच नाही. चला, परत आपल्या शहाणपणाकडे.

एक्सटेन्शनचं रीळ असेल तर ते अजिबात उलगडू नका, नीट गुंडाळलेलंच छान दिसतं. त्यावर सगळे ॲम्प टाका. गुंडाळलेल्या तारेतली उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत साठत जाते, म्हणून तर रिळावर दोन वेगवेगळे आकडे छापलेले असतात, उलगडल्यावर किती वॅट आणि गुंडाळलेलं असताना किती, आणि दुसरा आकडा बराच लहान असतो. पण ते छापील अक्षर इतकं बारीक असतं की वाचायचा आग्रह कंपनीचाही नसावा. जनरेटर असेल तर तो घरघरला रे घरघरला की लगेच मिक्सर लावा, मल्टीमीटर घेऊन व्होल्टेज बघत बसणं भित्र्यांचं काम. थ्री फेजमधला न्यूट्रल सुटलेला असला तर २३० च्या जागी ४०० च्या आसपास जाऊ शकतं, आणि ते तुम्हाला मीटरपेक्षा मिक्सरच लवकर सांगेल, वासाने.

आता मुख्य विधी. चालू करायचा क्रम. जगभर रटाळ लोक एकच पाठ म्हणतात की आधी कीबोर्ड, वायरलेसचे रिसीव्हर वगैरे, मग मिक्सर, तो स्थिर झाला की सगळ्यात शेवटी ॲम्प किंवा पॉवर्ड स्पीकर (ज्याच्या पोटातच ॲम्प असतो), आणि बंद करताना बरोब्बर उलटं, ॲम्प सगळ्यात आधी. कारण काय तर मिक्सर चालू होताना त्याच्या आतली सर्किटं जागेवर येईपर्यंत आउटपुटला एक झटका निघतो, ॲम्प जर आधीच जागा असला तर तो झटका तो इमानदारीत मोठा करून स्पीकरला देतो. धप्प! वूफरचा कागद पुढे येऊन मागे जातो आणि ट्वीटरची कॉइल, जी केसासारख्या बारीक तारेची असते, ती एखाद्या दिवशी राम म्हणते. आपण काय करायचं? आधी कळस मग पाया. ॲम्प आधी, आवाजाच्या नॉब पूर्ण उजवीकडे, मग मिक्सर. त्या धप्पने हॉलमधल्या सगळ्या माना वळतात, फुकटात लक्ष वेधून घेतलं जातं, निवेदकाला वेगळं शांतता राखा म्हणावं लागत नाही.

आणि ज्यांना क्रमच नको असेल त्यांच्यासाठी अजून सोपी युक्ती, सगळं एकाच बोर्डात खोचा आणि बोर्डाचं एकच बटण दाबा. सगळे एकदम उठतात आणि एकदम झोपतात, भांडण नाही तंटा नाही. मोठे ॲम्प एकाच क्षणी भरपूर करंट ओढतात आणि एमसीबी पडतो, तर परत वर करा. परत पडला तर परत करा. तिसऱ्यांदा तोच दमेल.

मास्टर फेडर खाली घेऊन, सगळे चॅनल म्यूट करून मगच चालू करावं असंही म्हणतात. पण मागच्या कार्यक्रमात फेडर जिथे होते तिथेच असू द्या, एवढं छान जमलेलं असतं ते मोडायचं कशाला, जरी तो कार्यक्रम मूकाभिनयाचा असला तरी.

फँटम पॉवरबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण खरी करमणूक इथे आहे. माईकला लागणारी वीज मिक्सरच देतो, ४८ व्होल्ट, माईकच्याच तीन पिनांच्या तारेतून वर जातात, दोन आणि तीन नंबरच्या पिनवर सारखेच, परतीचा रस्ता एक नंबरच्या पिनवरून. १९६६ साली नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या रेडिओला असा माईक करून दिला, तिथे स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय होतीच, म्हणून तो आकडा, तोच आजपर्यंत चालू आहे. साधा डायनॅमिक माईक बॅलन्स्ड तारेवर असेल तर त्याला ह्या ४८ चा पत्ताही लागत नाही. कंडेन्सर माईकचं मात्र त्याशिवाय पान हलत नाही. तर करायचं असं, कंडेन्सर लावा, फँटम विसरा. आवाज येत नाही. गेन, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच मोठा करणारा नॉब, वाढवा. तरी नाही. गेन पूर्ण. फेडर पूर्ण. मास्टर पूर्ण. तार काढा, परत घाला, माईकवर बोटाने टकटक करा, स्टेजवरच्या माणसाकडे रागाने बघा, तो तुमच्याकडे रागाने बघेल. मग मागून कोणीतरी येऊन म्हणेल "अहो ते ४८ लिहिलंय ते बटण दाबलं का?" आणि तुम्ही ते दाबाल. गेन पूर्ण, फेडर पूर्ण, म्यूट नाही. ह्यानंतर जे होतं त्याला शब्द नाहीत, फक्त पहिल्या रांगेतले चेहरे आहेत. आधी चॅनल म्यूट करून फँटम लावला असता, चार-पाच सेकंद थांबून गेन हळूहळू वर आणला असता, तर एवढा अनुभव कुठून मिळाला असता. आणि हो, जुना रिबन माईक कोणी दिलाच तर त्यालाही फँटम द्या, शक्यतो अशा तारेवर जिची एक पिन सुटलेली आहे. आतली रिबन पातळ ॲल्युमिनियमची असते, ती तुटू शकते, पण परत द्यायला जाल तेव्हा माईकचं वजन अगदी तेवढंच भरेल, कोणाला कळणार नाही.

गेन म्हणजे काय आणि फेडर म्हणजे काय ह्या वादात पडू नका, दोन्हीनी आवाज वाढतो. सिग्नल फार मोठा झाला की लाल लाईट लागते, ती मिक्सर चालू असल्याची खूण समजा. खरं तर गेन आधी लावायचा, फेडर पूर्ण खाली ठेवून, पीएफएलचं (फेडरच्या आधीचा सिग्नल दाखवणारं) बटण दाबून मीटर बघायचं, डिजिटल मिक्सर असेल तर नेहमीचा आवाज उणे १८ डेसिबलच्या आसपास खेळवायचा म्हणजे वर जागा राहते, कारण शून्याच्या वर डिजिटलमध्ये काहीही नाही, वरचं डोकं सरळ कापलं जातं. पण चेकच्या वेळी गायक कुजबुजल्यासारखं "हॅलो, वन, टू" म्हणतो, त्या कुजबुजीवर तुम्ही मीटर शून्याला टेकवून ठेवा. कार्यक्रमात तो वरचा सूर लावेल तेव्हा फाटलेला आवाज येईल, आणि त्याचा दोष अर्थात गायकाचाच, रियाज कमी पडला.

माईक चेक करताना फुंकर मारा. बोलून कळत नाही का? कळतं, पण फुंकर मारण्यात जो रुबाब आहे तो बोलण्यात नाही. थुंकीचे तुषार माईकच्या आतल्या पडद्यापर्यंत गेले की माईकला पण जरा ओलावा.

शिट्टी मारायला लागला माईक, तर गायकाला सांगा माईकची जाळी मुठीत घट्ट धर. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की पुढचंच ऐकणारा माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, मॉनिटरचंही (गायकाकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरचंही) ऐकतो, आणि शिट्टी पक्की होते. मग इक्वलायझरचे सगळे नॉब फिरवा. सगळे. कुठलातरी लागू पडेलच.

डिजिटल मिक्सर असेल तर नवीन फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकायची उत्तम वेळ म्हणजे कार्यक्रमाच्या आधीची दहा मिनिटं. सीन, म्हणजे सगळ्या फेडर-नॉबच्या ठरलेल्या जागा, सेव्ह करू नका. मिक्सर चालवायच्या टॅबलेटला तेच वायफाय द्या जे पूर्ण हॉल वापरतोय, उंटावरून शेळ्या हाकायच्या तर सगळ्यांच्या समोर हाकाव्यात. यूपीएस नको, मधेच लाईट गेली तर मिक्सर परत उठेपर्यंत प्रेक्षकांना आपापसात बोलायला वेळ मिळतो.

आयोजक दर पाच मिनिटांनी येऊन "जरा वाढवा" म्हणणार, वाढवा. ८५ डेसिबलला कानाला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, हा कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेचा हिशोब. पण पंधराव्या मिनिटानंतर कोणी तक्रार केली तरी ती तुम्हाला ऐकू येणार नाही, त्यामुळे ती पण सोय झाली.

संपलं की मेन स्विच खाली. ॲम्प आधी बंद करायचा असतो हे आठवलं तर विसरा, जाताजाता एक शेवटचा धप्प झाला पाहिजे. डिजिटल मिक्सरला मेनूमधून शट डाउन वगैरे लाड नकोत. मग तारा कोपरावर आवळून गुंडाळा, आतले धागे पिळले गेले पाहिजेत, वर एक गाठ मारा. आणि ती एक तार, जिने आज तीनदा दगा दिला, हलवली की चालते आणि सोडली की बंद पडते, तिच्यावर खूण करू नका, तिला बाजूला काढू नका. चांगल्या तारांच्या मधोमध ठेवून पेटी लावा.