‘हप्ते बुडवले म्हणून घरं गेली’: अमेरिकेतल्या घरजप्तीबद्दलचा अर्धवट दावा

अमेरिकेतल्या घरजप्तीचा विषय निघाला की मराठी गटांमध्ये एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: २००८ नंतर ज्यांची घरं गेली त्यांनी ऐपत नसताना कर्ज काढलं आणि हप्ते बुडवले. बँकांनी कायद्याने वसुली केली. सह्यांचा गाजावाजा झाला ती नुसती कारकुनी चूक. घर जप्त करून बँकेचं नुकसानच होतं, म्हणजे ती उगाच कुणाला बाहेर काढणार नाही. आणि वेळेवर हप्ता भरणाऱ्याला कसलीच भीती नाही.

ऐकायला पटतं, पण टिकत नाही. तिकडे घर घेतलेली आपली माणसं काही थोडी नाहीत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘जप्तीत बँकेचंच नुकसान’

इथून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं यावरून कळतं. आपल्याकडे ज्या बँकेने कर्ज दिलं तीच बहुधा हप्ता घेते. अमेरिकेत कर्ज पुढे विकलं जातं, हजारो कर्जांचा गठ्ठा करून त्यावर रोखे काढून गुंतवणूकदारांना विकले जातात. हप्ता गोळा करणं, घराचा कर आणि विमा भरणं, थकबाकीचा पाठपुरावा करणं ही कामं सर्व्हिसर कंपनी करते. पैसा तिचा नसतो.

तिला मिळतं काय? साध्या कर्जावर वर्षाला शिल्लक रकमेच्या साधारण पाव टक्का. २,४०,००० डॉलर बाकी असतील तर वर्षाचे ६०० डॉलर, महिन्याचे ५०. एवढ्यात कर्जदाराची कागदपत्रं तपासून हप्ता नव्याने बांधून द्यायला माणूस बसवणं परवडत नाही. उलट विलंब शुल्क बहुतेक वेळा तिच्याच खिशात जातं. घराचा लिलाव झाला की हप्ते थकल्यावर तिने रोखेधारकांना पदरचे आगाऊ दिलेले पैसे आणि तिची शुल्कं सगळ्यात आधी वसूल होतात. तोटा रोखेधारकाचा आणि घर गमावणाऱ्याचा. मग ती घाई का करणार नाही?

‘सह्यांचा घोळ म्हणजे कारकुनी चूक’

जीमॅक या सर्व्हिसरच्या एका कर्मचाऱ्याने जबानीत सांगितलं की तो महिन्याला सुमारे १०,००० कागदांवर सह्या करत होता. महिन्याचे कामाचे २२ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर एका कागदाला जेमतेम एक मिनिट मिळतं. त्यात शपथपत्रंही होती: ‘या कर्जाची मला व्यक्तिशः माहिती आहे, थकबाकी अमुक आहे’ असं न्यायालयाला शपथेवर सांगणारी. न वाचता अशी शपथ घेणं ही खोटी साक्ष आहे. जप्तीसाठी लागणारे कागद तयार करणाऱ्या, जॉर्जिया राज्यातल्या डॉकेक्स कंपनीत तर एकाच बाईच्या नावाने वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वळणांत सह्या ठोकल्या. कंपनीच्या प्रमुखाने २०१२ मध्ये गुन्हा कबूल केला आणि पुढे तुरुंगवासही झाला. कारकुनी चुकीला तुरुंग होत नाही.

याचा परिणाम घरावर कसा होतो, ते मॅसॅच्युसेट्समध्ये दिसलं. स्प्रिंगफील्डमधल्या दोन घरांचा लिलाव ५ जुलै २००७ रोजी झाला. लिलाव करणाऱ्या बँकांच्या नावे गहाणखताचं हस्तांतर झाल्याचे कागद मात्र कित्येक महिन्यांनंतरचे निघाले. म्हणजे लिलावाच्या दिवशी त्या घरावर आपला हक्क होता हे बँकांना दाखवताच आलं नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०११ रोजी दोन्ही लिलाव रद्दबातल ठरवले. त्या राज्यात कोर्टात न जाता जप्ती करता येते, म्हणजे लिलावाआधी कुण्या न्यायाधीशाने कागद तपासलेलाच नसतो. मग तो कागद तरी खरा हवा ना?

‘कायद्याने वसुली केली’

तसं असतं तर न्यू जर्सीच्या न्यायव्यवस्थेने डिसेंबर २०१० मध्ये सहा मोठ्या कंपन्यांना ‘तुमच्या जप्त्या का थांबवू नयेत’ म्हणून विचारलं नसतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ४९ राज्यं आणि केंद्र सरकारशी पाच बड्या सर्व्हिसर बँकांनी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. ज्यांचं घर गेलं होतं त्यांच्या हाती यातून आलेला धनादेश होता साधारण १,४८० डॉलरचा. हा आकडा वाचून मला आजही राग येतो.

‘घर गेलं तो हप्ते बुडवणाराच’

पुष्कळांचे हप्ते थकले होते, हे खरंच. ऐपतीबाहेर कर्ज काढणारेही होते. पण हप्ता थकणं आणि घर जाणं यांच्या मधे एक टप्पा असतो, हप्ता कमी करून घेण्याचा, आणि घोळ तिथे झाला. सरकारने २००९ मध्ये त्यासाठी योजना आणली, ३० ते ४० लाख कुटुंबांना वाचवायचं म्हणून. पुढे सरकारच्याच देखरेख यंत्रणेने सांगितलं की सुमारे ७० टक्के अर्ज सर्व्हिसरांनी फेटाळले. एक विभाग ‘कागद पुन्हा पाठवा’ म्हणत होता आणि दुसरा त्याच घराच्या लिलावाची तारीख काढत होता.

वेल्स फार्गोचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. बँकेने २०१८ मध्ये स्वतः जाहीर केलं की तिच्या संगणकप्रणालीत वकिलाच्या फीचा हिशोब चुकत होता, आणि त्यामुळे हप्ता कमी करून मिळायला पात्र असलेल्या सुमारे ८७० कर्जदारांना नकार गेला किंवा ती सवलत देऊच केली नाही. त्यातल्या ५४५ जणांची घरं गेली. या लोकांना ‘बुडवे’ म्हणायचं?

‘वेळेवर भरणाऱ्याला भीती नाही’

२३ एप्रिल २०२१ रोजी मिस्टर कूपर या सर्व्हिसरच्या जवळपास पाच लाख ग्राहकांच्या खात्यांवर हप्ता वळता करण्याचे सुमारे २.३ अब्ज डॉलरचे बेकायदा व्यवहार टाकले गेले. हप्त्याची प्रक्रिया करणाऱ्या कंपनीने चाचणी करताना खऱ्या ग्राहकांची माहिती वापरली होती. यात वेळेवर भरणारे लोकही होते.

शिवाय सर्व्हिसर तुम्हाला न विचारता बदलतो. तो बदलला आणि हप्ता चुकून जुन्या कंपनीकडे वेळेत गेला, तर पहिले ६० दिवस तो उशिरा आला असं धरता येत नाही. जानेवारी २०१४ पासून साधारणपणे थकबाकी १२० दिवसांच्या वर गेल्याशिवाय जप्तीची पहिली कारवाई सुरू करता येत नाही, आणि लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी हप्ता कमी करण्याचा पूर्ण अर्ज पोहोचला तर निर्णय होईपर्यंत लिलाव पुढे रेटता येत नाही. हिशोबात चूक दिसली तर लेखी कळवा. पाच कामाच्या दिवसांत पोच आणि सहसा तीस कामाच्या दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. फक्त ते पत्र हप्त्याच्या पाकिटात घालू नका. अशा तक्रारींसाठी सर्व्हिसर वेगळा पत्ता ठरवू शकतो. तसा पत्ता कळवलेला असेल तर पत्र तिथेच, नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.